डीजेसाठी जुना लॅपटॉप: मी केलेली चूक आणि नंतरचा अर्धा तास

[सुरुवातीला ऑडिओ: गाणं चालू आहे, मध्येच 'टक्... टक्...' असा आवाज]

ऐकलात? हा जो टक् आहे ना, तो मी पहिल्यांदा ऐकला पारोळ्याजवळच्या एका गावात, हळदीच्या कार्यक्रमात. २०२५ ची आखाजी आठवड्यावर आली होती. आणि ज्या लॅपटॉपमधून तो येत होता, तो मीच निवडून दिलेला होता.

माझा मावसभाऊ धुळ्याला असतो, डीजे वाजवतो. आपल्या खान्देशात डीजे म्हणजे दोन गोष्टी. एक, टेम्पोवर रचलेले टॉप आणि बेस. दुसरा, त्यामागे उभा असलेला माणूस. टेम्पो, जनरेटर, अॅम्प्लिफायर हे सगळं मालकाचं. भावाचं स्वतःचं म्हणाल तर एक छोटा कंट्रोलर आणि एक लॅपटॉप. लग्नसराईत जेवढ्या सुपाऱ्या मिळतील, त्यावर पावसाळा काढायचा असतो.

जुना लॅपटॉप बिघडला तेव्हा त्याने मला फोन केला, "दादा, तू इंजिनिअर शे, तूच सांग कोणता घेऊ." मी पुण्यात कोड लिहितो, बी.टेक. आहे, म्हटलं यात काय अवघड! त्याने फोटो पाठवला. आय-सेव्हनचा स्टिकर, १६ जीबी रॅम, चोवीस हजार रुपये. मी दोन मिनिटांत 'घे' म्हणून मोकळा झालो. दुकानदाराने काही फसवलं नाही, बरं का. त्याने जे सांगितलं ते खरंच होतं. जे विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी हौसेने जळगावहून गेलो होतो. संध्याकाळचे साडेसात, दिवसभराचं ऊन अजून जमिनीतून येत होतं, आणि लॅपटॉप ठेवला होता अॅम्प्लिफायरच्या रॅकवर. म्हणजे वरून उकाडा, खालून तवा. आधी एक टक्. मग दोन-तीन. पोरं नाचत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही, पण भावाने माझ्याकडे पाहिलं. आणि मग आवाज एकाच जागी अडकला, कर्रर्र करून, आणि बंद. अख्खं मैदान शांत. मागून कुणीतरी ओरडलं, "काय व्हयनं भो?"

रीस्टार्ट, पुन्हा अडकला, पुन्हा रीस्टार्ट. वीस-पंचवीस मिनिटं गेली. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. म्हणजे गेलेली वीस मिनिटं नंतर भरून काढता येत नाहीत. हिशेबाला बसलो तेव्हा नवरदेवाच्या काकांनी चार हजार कापले. त्याच गावातली पुढची सुपारीही गेली. भाऊ परत येताना माझ्यावर चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो काहीच बोलला नाही.

पुण्यात परत आलो तो लॅपटॉप सोबत घेऊनच. उघडला. पंख्यात धूळ आणि गुलाल, अक्षरशः गुलाबी थर! पण खरी गोष्ट प्रोसेसरमध्ये होती. तो होता आय-सेव्हन ७५००यू, सातव्या पिढीतला. त्यात कोअर फक्त दोन. आणि पुढच्याच पिढीतल्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार! म्हणजे स्टिकरवरचा सात हा पाचापेक्षा मोठा असेलच असं नाही. 'आय'च्या पुढचा आकडा सगळे बघतात, मीही तोच बघितला. त्यानंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो, तो बघायचा राहिला. (दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघा.)

आता टक् का होतो ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. गाण्याच्या एका सेकंदात सहसा ४४,१०० नमुने असतात. सॉफ्टवेअर ते एकेक करून पाठवत नाही, गठ्ठ्याने पाठवतं. गठ्ठा ५१२ चा ठेवला तर एक गठ्ठा साधारण साडेअकरा मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढचा गठ्ठा तयार पाहिजे. नाही झाला की टक्. लॅपटॉपने ९९९ गठ्ठे वेळेत दिले आणि एकच उशिरा दिला, तरी मैदानाला तो एकच ऐकू येतो. आपल्या ऑफिसच्या कामात असला उशीर कुणाला कळतही नाही, म्हणून मला तो सुचलाच नाही.

उशीर कशाने होतो? गरम झाल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जनरेटर बंद पडून लॅपटॉप बॅटरीवर गेला की पॉवर सेव्हिंग लागतं. आणि सगळ्यात छुपा चोर म्हणजे ड्रायव्हर, त्यातही वाय-फायचा. लेटन्सीमॉन नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून बसतो ते दाखवतं. भावाच्या लॅपटॉपवर लावलं, तर वाय-फाय चालू असताना लाल पट्टी. बंद केलं, हिरवी. मी कपाळाला हात लावला.

दिवाळीला घरी आलो तेव्हा तुळशीच्या लग्नाआधी दुसरा घ्यायचा ठरलं. निम्मे पैसे मी घातले, तेवढं तर करायलाच हवं होतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेलो. या वेळी भाऊ पिशवीत कंट्रोलर, हेडफोन आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह घेऊन आला होता. काउंटरवर कंट्रोलर मांडला तेव्हा आजूबाजूची चार माणसं जमली.

दुकानदार म्हणाले, "भाऊ, पाच मिनिटं बघा ना, अर्धा तास कशाला?" म्हटलं, काका, हा पाच मिनिटांत नाही, पंधराव्या मिनिटाला रडतो. ते हसले, आणि बसू दिलं. समोर होता लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीतला आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी, कंपनीतून निघालेला. असे लॅपटॉप कंपन्या तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ते बाजारात येतात. सातव्या पिढीवर फुली मारायला आणखी एक कारण होतं: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते.

चार्जर काढून टाकला. दोन डेकवर गाणी, इफेक्ट चालू, खाली मुद्दाम पुठ्ठा घातला म्हणजे हवा कोंडेल. बाजूला लेटन्सीमॉन. तेवढ्या वेळात बाकीचं बघितलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाईप केलं की बॅटरी मूळ किती होती आणि आता किती भरते ते येतं. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आतली, एक मागून काढता येणारी. मागची निम्म्यावर आली होती. त्यावरून पंधराशे कमी करून घेतले. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी ठीक निघाली. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरलो. कंपनीच्या लॅपटॉपला तिथे पासवर्ड राहिलेला असतो कधीकधी, आणि तो काढणं डोकेदुखी असते. नव्हता. यूएसबीचं प्रत्येक पोर्ट कंट्रोलर लावून हलवून पाहिलं. एक ढिलं निघालं, त्यावर भावाने जागेवरच टेप लावली.

चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ येतं का, तेही ऐकून घ्या. अर्थिंगचा घोळ असतो तो, आणि तो दुकानापेक्षा जनरेटरवर जास्त येतो. त्यावर आपल्याकडे प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. नका करू भावांनो, ओल्या मैदानात जीव जाईल. ऑडिओच्या वायरीत आयसोलेटर मिळतो, तो टाका, नाहीतर तेवढा वेळ बॅटरीवर वाजवा.

एकोणीस हजारांना सौदा झाला. आता भाऊ सुपारीला निघण्याआधी वाय-फाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, लॅपटॉप रॅकवर नाही तर वेगळ्या स्टँडवर. आणि मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला मोबाइलची वायर जोडलेली, त्यात वीस मिनिटांची गाणी तयार. ही शेवटची युक्ती त्याची, माझी नाही.

आणि तो आय-सेव्हन माझ्याकडे आहे. पंखा साफ केला, नवी थर्मल पेस्ट लावली. हा भाग त्याच्यावरच एडिट केलाय, सुरुवातीचा सोडून आणखी कुठे टक् ऐकू आला तर कमेंटमध्ये मिनिट लिहून पाठवा.