घट्टा अंगठ्यावर, दोष भोकात

मी बंगळुरूहून बोलतोय आणि विषय बोलिंगचा आहे म्हटल्यावर तुम्हाला चंद्रशेखर, प्रसन्ना, कुंबळे आठवले असतील. पण मी बोलणार आहे ते टेनपिन बोलिंगबद्दल. चर्च स्ट्रीटवरच्या अमिबासारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त इथे आलेली आपली मराठी मुलंमुली आधी ऑफिसच्या टीमबरोबर जातात, मग चटक लागते. दोन-तीन महिन्यांत अंगठ्याच्या बुडाशी कातडी जाड होते, घट्टा पडतो. आई फोनवर सांगते, पायाची वज्री घे आणि घास.

घासायचं कसं ते सांगतोच. पण घट्टा अंगठ्यावर दिसत असला, तरी दोष बहुतेक वेळा चेंडूच्या भोकात असतो.

हा चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा असतो. मधलं बोट आणि अनामिका एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, पूर्ण आत. चेंडू सोडताना अंगठा आधी सुटायला हवा, बोटं नंतर. भोक घट्ट असेल तर अंगठा ओरबाडत बाहेर येतो. सैल असेल तर आणखी वाईट: चेंडू पडू नये म्हणून आपण अंगठा आतल्या आत वाकवून आवळतो आणि सांध्यावर घासतो. एका गेममध्ये पंधरा-वीस वेळा, तीन गेम म्हटलं की पन्नासच्या आसपास. तिथल्या भाड्याच्या चेंडूंत साधारणपणे हलक्याची भोकं लहान, जडाची मोठी असतात. त्यामुळे जाड अंगठ्याच्या माणसानं हलका चेंडू उचलला की तो अडकतो. वजन बघण्याआधी अंगठा घालून बघा. न आवळता चेंडू हातात राहिला पाहिजे आणि अंगठा सहज निघाला पाहिजे.

नेमानं खेळणार असाल तर स्वतःचा चेंडू घ्या आणि हाताचं माप देऊन भोकं पाडून घ्या. कडा टोचत असेल तर ती गोलसर करून मिळते. अंगठा एसीत आकसतो, खेळता खेळता सुजतो, म्हणून जाणकार खेळाडू भोकात टेपच्या पट्ट्या लावतात आणि गरजेप्रमाणे काढतात. या खेळात ही सोय आहे बघा. २०२३ साली नागपूर कसोटीत रवींद्र जडेजानं पंचांना न विचारता दुखऱ्या बोटाला मलम लावलं, तर सामन्याच्या मानधनातले २५ टक्के कापले गेले!

आता उपचार. खेळून आल्यावर अंगठा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग हलक्या हातानं घासा. सगळा घट्टा काढू नका, पातळ थर राहू द्या. तो तुमचं रक्षण करतो. मग युरिया असलेलं क्रीम लावा. हे खेळायला जाण्याआधी करू नका, मऊ पडलेली कातडी फाटते. ब्लेड तर नाहीच. मधुमेह असेल तर घट्ट्यावरची आम्लाची औषधं मनानं लावू नका आणि घासूही नका, डॉक्टरांना दाखवा. पाण्याचा फोड आला असेल तर तो फोडू नका, बरा होईपर्यंत खेळ बंद.

आणि एक गोष्ट घट्ट्यासारखी दिसते, पण घट्टा नसते. अंगठ्याच्या तर्जनीकडच्या बाजूनं एक मज्जातंतू जातो. भोकाची कडा त्यावर सतत दाबली गेली की त्याच्याभोवती जाड गाठ धरते. १९७२ साली अमेरिकेत डोबिन्स आणि सहकाऱ्यांनी अशा १७ रुग्णांवर लिहिलं. या दुखण्याचं नावच ‘बोलर्स थंब’ आहे. ओळखायची खूण अशी: गाठीवर टिचकी मारली की अंगठ्याच्या टोकापर्यंत झिणझिण्या जातात, टोक बधिर वाटतं. ही गाठ वज्रीनं जाणार नाही, घासून दुखणं वाढेल. खेळ थांबवावा लागतो, भोक मोठं करून किंवा सरकवून घ्यावं लागतं, अंगठ्याला गार्ड लावावा लागतो. क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. असं काही जाणवलं तर हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा आणि स्वतःचा चेंडू असेल तर तोही घेऊन जा. जड आहे खरा, पण कडा कुठे लागते ते त्यांना लगेच दिसेल.