शास्त्राचें देशाटन



देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. परंतु आज घरबसल्या पडद्यावर अमेरिकेंतील अध्यापकाचें व्याख्यान ऐकतां येतें, आणि येथील प्रयोगाचे आंकडे क्षणार्धांत जपानांत पोंचतात. अशा वेळीं एखाद्या तरुण संशोधकानें परदेशांतील प्रयोगशाळेंत जाण्यासाठीं संस्थेकडे भाडें मागितलें, तर हा खर्च आतां कशाला, असा प्रश्न चालकांना सहज पडतो. प्रश्न गैर नाहीं. विमानप्रवास महाग आहे, व्हिसाच्या खटपटी पुष्कळ असतात, आणि विमानांच्या धुरानें पृथ्वीच्या हवामानावर काय परिणाम होतो, हें शास्त्रज्ञच आपणांस सांगत आले आहेत. म्हणून शास्त्रज्ञानें कोणत्या कामासाठीं प्रवास करावा आणि कोणतें काम दुरूनच उरकावें, याचा विचार आज कांहीं घडलेल्या गोष्टींच्या आधारें करूं.

प्रथम पत्राचें सामर्थ्य पाहूं. १९२४ सालीं ढाक्क्याच्या विद्यापीठांत सत्येंद्रनाथ बोस हे तीस वर्षांचे अध्यापक पदार्थविज्ञान शिकवीत होते. प्रकाशाच्या कणांची गणती कशी करावी, याची एक अगदीं नवी रीत त्यांनीं बसविली, आणि ४ जूनला पत्र लिहून आपला निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे धाडिला. दोघांची तोंवर भेट झालेली नव्हती. आइन्स्टाइन यांनीं त्या निबंधाचें स्वतः जर्मन भाषांतर केलें आणि तो छापवून आणिला. आज ज्या कणांस जगभर ‘बोसॉन’ म्हणतात, त्यांचें नांव या बोसांवरून पडलें आहे. छापलेला निबंध अवघा चार पानांचा होता. पण जें सांगावयाचें तें सर्व त्या चार पानांत मावलें होतें. बोस पुढें युरोपांत गेले खरे. परंतु त्यांचा विचार त्यांच्या आधींच तेथें पोंचला होता. अशा कामास आगबोट लागत नाहीं, टपालाचें तिकीट पुरतें.

याच्या अकरा वर्षें आधीं मद्रासहून केंब्रिजला गेलेल्या पत्राची कथा निराळी आहे. १६ जानेवारी १९१३ रोजीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनीं हार्डी या गणितज्ञांस पत्र लिहिलें. सोबत सिद्धांतांचीं पानेंच्या पानें होतीं, पण सिद्धता नव्हत्या. हार्डींनीं सिद्धता मागितल्या. रामानुजनांनीं आणखी सिद्धांत पाठविले. ते कांहीं लपवीत होते असें नव्हे. ज्या वाटेनें ते तेथवर पोंचत, ती वाट केंब्रिजच्या रीतीनें मांडण्याची त्यांना संवय नव्हती, आणि ती संवय टपालानें लागेना. अखेर १९१४ च्या आरंभीं नेव्हिल नांवाचे गणितज्ञ व्याख्यानांसाठीं मद्रासला आले, त्यांनीं समक्ष बोलून रामानुजनांचें मन वळविलें, आणि त्याच वर्षीं १७ मार्चला रामानुजन आगबोटींत चढले.

त्या सहवासाचें एक फळ सांगतों. कोणतीही संख्या लहान संख्यांच्या बेरजेनें किती प्रकारें मांडतां येते, हा प्रश्न दिसतो सोपा. ४ ही संख्या, ती स्वतः धरून, ५ प्रकारें मांडतां येते. पण १०० ही संख्या १९,०५,६९,२९२ प्रकारें! या वाढत्या गणतीचा अंदाज देणारें सूत्र हार्डी व रामानुजन यांनीं मिळून १९१८ सालीं प्रसिद्ध केलें. एकाची झेप आणि दुसऱ्याची काटेकोर तपासणी हीं एका ठिकाणीं आलीं नसतीं, तर तें हातीं लागणें कठीण होतें. मात्र या प्रवासानें घेतलें किती, हेंही विसरतां कामा नये. महायुद्धाचे दिवस, तेथील थंडी, शाकाहारी मनुष्याच्या जेवणाची आबाळ आणि घरच्यांचा विरह. १९१७ सालीं त्यांस दुखण्यानें गांठलें, १९१९ सालीं ते परतले, आणि २६ एप्रिल १९२० रोजीं वयाच्या ३२ व्या वर्षीं वारले. प्रवासाचा हिशेब केवळ रुपयांत करावयाचा नसतो.

हें गणिताचें झालें. जेथें हातांनीं काम करावयाचें असतें, तेथें कागदाचा अपुरेपणा अधिकच जाणवतो. सुगरणीनें पुरणपोळीची कृति कितीही नीट लिहून दिली, तरी पुरण शिजल्याची खूण आपण तिच्या शेजारीं उभें राहूनच शिकतों. प्रयोगशाळेंतही असा हातगुण असतो. मॉस्को विद्यापीठांत ब्रागिन्स्की यांच्या मंडळीनें नीलमण्याच्या स्फटिकाचा एक गुण मोजला होता. घंटा वाजविल्यावर तिचा नाद हळूहळू विरतो, तसें स्फटिकाचें कंपनही विरतें; तें किती सावकाश विरतें, याचें हें मोजमाप. गुरुत्वतरंग टिपणाऱ्या यंत्रांच्या आरशांसाठीं अशा मोजमापाचें महत्त्व फार. मॉस्कोचा आंकडा इतका मोठा होता कीं, पश्चिमेकडील प्रयोगशाळांना तो मिळेना; आणि मिळत नाहीं म्हणून तो खराही वाटेना. अशीं सुमारें वीस वर्षें गेलीं. पुढें मॉस्कोचे आणि ग्लासगोचे संशोधक एकमेकांच्या प्रयोगशाळेंत जाऊन बरोबरीनें काम करूं लागले, आणि १९९९ च्या उन्हाळ्यांत ग्लासगोसही तो आंकडा मिळाला. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञानें ही हकीकत जवळून पाहून लिहिली आहे. स्फटिक ज्या बारीक दोऱ्यानें टांगावयाचा, त्याला किंचित् ओशटपणा लागे. मॉस्कोचा संशोधक त्यासाठीं तो दोरा आपल्या नाकावरून किंवा कानामागून अलगद ओढून घेई! आतां ही कृति शास्त्रीय निबंधांत कोण लिहिणार? आणि दोऱ्याहूनही मोठी गोष्ट विश्वासाची. हें घडतें, असें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे मनुष्य अपयशानें खचत नाहीं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करितो.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. १० एप्रिल २०१९ रोजीं कृष्णविवराचें पहिलें चित्र जगानें पाहिलें. त्यासाठीं हवाईपासून स्पेनपर्यंत आणि चिलीपासून दक्षिण ध्रुवापर्यंत विखुरलेल्या आठ दुर्बिणींनीं एप्रिल २०१७ मध्यें एकाच वेळीं वेध घेतले होते. नोंदी इतक्या प्रचंड होत्या कीं, त्या तारेनें धाडणें व्यवहार्य नव्हतें. त्या सांठविलेल्या तबकड्याच विमानांत घालून अमेरिकेंतील व जर्मनींतील गणनकेंद्रांत न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावर तर हिवाळ्यांत विमान उतरत नाहीं, म्हणून तेथील तबकड्या येण्यास वर्षअखेर उजाडली. या कामांत दूर राहाण्याचाही एक उपयोग दिसून आला. चित्र घडविण्याचें काम चार निरनिराळ्या तुकड्यांकडे सोंपविलें होतें, आणि एकीनें दुसरीशीं त्याविषयीं बोलावयाचें नाहीं, असा दंडक होता. हेतु हा कीं, एकीच्या समजुतीची छाया दुसरीवर पडूं नये. २०१८ च्या उन्हाळ्यांत सर्व मंडळी अमेरिकेंतील केंब्रिज येथें एकत्र आली, चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं गेलीं, आणि चारही चित्रांत तेंच कडें दिसलें. निकालाचा खरेपणा एकांतानें राखला, आणि त्याविषयींची खात्री समक्ष भेटीनें पटली.

आपल्या पुणें जिल्ह्यांतील उदाहरणही याच जातीचें आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ठराविक अंतरानें ठोका देणाऱ्या मृत ताऱ्यांचे, म्हणजे स्पंदकांचे संदेश ती टिपते. जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली व नेदरलंड्स येथील मोठ्या दुर्बिणींनीं सुमारें पंचवीस वर्षें घेतलेल्या नोंदींना खोडदच्या नोंदींची जोड मिळाली, आणि अत्यंत संथ अशा गुरुत्वतरंगांचा पुरावा जून २०२३ मध्यें या मंडळींनीं एकत्र प्रसिद्ध केला. वाटेंतील विरळ वायूमुळें ठोके किंचित् उशिरां पोंचतात. तो उशीर अचूक मोजण्यास खोडदची दुर्बीण विशेष उपयोगी पडते. देशाटन एकाच दिशेनें करावयाचें नसतें. जगास आपणांपाशीं यावेंसें वाटेल असें कांहीं आपणही उभारावें, हा यांतील बोध आहे.

२०२० च्या महामारींत परिषदा पडद्यावर भरल्या, तेव्हां या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. ज्यांस भाडें परवडत नव्हतें, ज्यांस व्हिसा मिळत नव्हता, जिला तान्हें मूल सोडून जातां येत नव्हतें, अशांना प्रथमच पुढल्या रांगेंत जागा मिळाली. ती सोय आतां काढून घेणें अन्यायाचें होईल. उलट, चहाच्या वेळीं सहज निघालेल्या प्रश्नांतून जें काम सुरू होतें, तें पडद्यावर फारसें सुरू झालें नाहीं. याची झळ नांवाजलेल्यांना कमी लागली. त्यांच्या ओळखी जुन्या होत्या. नवख्यांना मात्र ती अधिक लागली.

म्हणून भाड्याचा अर्ज पुढें आला म्हणजे चालकांनीं एकच गोष्ट विचारावी: तुम्ही तेथून काय आणणार? केवळ निबंध वाचून दाखवावयाचा असेल, तर तो येथूनच वाचावा. मग वाचणारा कितीही थोर असो. परंतु एखादें उपकरण हाताळण्यास शिकावयाचें असेल, एखाद्या अविश्वसनीय आंकड्याची शहानिशा करावयाची असेल, किंवा पुढें वर्षानुवर्षें ज्यांच्याशीं दुरून काम करावयाचें त्यांची ओळख करून घ्यावयाची असेल, तर अवश्य पाठवावें. आणि चार दिवसांच्या चार फेऱ्यांपेक्षां चार महिन्यांची एक फेरी द्यावी. अशा जागा थोड्या असतील, तर त्या आधीं तरुणांना द्याव्या. पाठवितांना त्याच्या राहाण्याजेवणाची आणि प्रकृतीची काळजीही संस्थेनें आपल्या शिरावर घ्यावी. रामानुजनांच्या चरित्रांतून एवढें तरी आपण शिकलेंच पाहिजे.