वाकळीतली चित्रं



आज तुमच्याशी चित्रकलेविषयी चार शब्द बोलायचे आहेत. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. पण ज्या चित्रांबद्दल मी बोलणार आहे, त्यांचं सामान तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. जुनेर, काळी माती, उसाचं पाचट, जुन्या दिनदर्शिकेची पानं. तेव्हा ही चित्रं मनानं पाहणं तुम्हाला काही जड जाणार नाही.

मी बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावी चित्रकला शिकवतो. दसरा-दिवाळी उरकली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणजे चार-पाच महिने ऊस तोडायचा. काही मुलं आईबापांबरोबर कोपीवर जातात, त्यांची शाळा तिथंच तुटते. काही हंगामी वसतिगृहात राहतात. काही गावात आजीजवळ. मी जिच्याविषयी सांगणार आहे ती मुलगी आजीजवळ राहणारी. तिचं नाव सांगत नाही. गावोगावी अशा मुली आहेत, तुमच्या वर्गातही असेल.

ती आठवीत असताना मी वर्गाला विषय दिला, ‘माझे गाव’. मुलांनी काय काढलं असेल, हे शिक्षक बंधुभगिनींना सांगायला नको. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर, नदी, नारळाचं झाड. आमच्या गावात ना नदी, ना नारळ! पण चित्रात असतात. या मुलीनं मात्र एका पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे चिकटवून आणले होते. हिरवं लुगडं, मळकं धोतर, लालसर खण. तुकड्यांच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घातलेला, आणि मधल्या दोन तुकड्यांवर खळीत कालवलेली काळी माती सारवलेली.

मी विचारलं, “हे काय?”

ती म्हणाली, “गाव आहे सर. घाटातून खाली बघितल्यावर असं दिसतं.”

मी म्हटलं, “हा चित्रकलेचा तास आहे, शिवणकामाचा नाही,” आणि पुठ्ठ्याच्या मागं लाल शाईनं लिहिलं, ‘हे चित्र नव्हे.’

तिनं काही उत्तर दिलं नाही. पुठ्ठा उचलला आणि जागेवर जाऊन बसली.

श्रोतेहो, आता माझी चूक तुमच्यासमोर कबूल करतो. चित्रकलेच्या पदविकेला असताना कलेच्या इतिहासाच्या पेपरात मी ‘कोलाज’वर पानभर उत्तर लिहिलं होतं. कोलाज हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘चिकटवणे’ या अर्थाच्या शब्दावरून आला, हे मला पाठ होतं. पिकासोनं १९१२ साली एका लंबगोल चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीच्या जागी चक्क दोर गुंडाळला, हेही पाठ होतं. त्याच वर्षी ब्राक या त्याच्या मित्रानं लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनावर चिकटवला. ब्राकचा बाप घरं रंगवणारा. ब्राक स्वतः तोच धंदा शिकलेला. म्हणजे घरच्या धंद्यातली वस्तू त्यानं चित्रात आणली. हे सगळं मला परीक्षेपुरतं माहीत होतं. पण तीच गोष्ट माझ्या वर्गात, एका शेतमजुराच्या पोरीच्या हातात आली, तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी कामानिमित्त तालुक्याला निघालो होतो. घाटाच्या वळणावर एस.टी. थांबली, म्हणून खाली पाहिलं. खाली माळ, पेरलेली रानं, नांगरून टाकलेल्या काळ्या पट्ट्या, मधून बांधांच्या पांढुरक्या रेघा. हुबेहूब वाकळ! धावदोऱ्यासकट. मी त्या रस्त्यानं कितीतरी वर्षं जात होतो, आणि माझ्या गावाचं रूप मला एका आठवीतल्या मुलीच्या पुठ्ठ्यानं दाखवलं होतं. त्या पुठ्ठ्यावर मी काय लिहून ठेवलं होतं, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

परत आल्यावर तिच्या घरी गेलो. आजी अंगणात वाकळच शिवत बसली होती. मी पाहत बसलो. म्हातारी कुठलाही तुकडा कुठंही लावत नव्हती. विटक्या कापडाशेजारी उठावाचं कापड, जाड तुकडा कडेला, मऊ तुकडा अंगाशी लागेल त्या बाजूला. मधूनच एखादा तुकडा हातात धरून म्हणायची, “हे हिच्या आजोबाचं धोतर. हे हिच्या आईचं लग्नातलं.” मी मुलीची माफी मागितली. तिनं तो पुठ्ठा आणून दिला. मागची लाल अक्षरं मी खोडायला निघालो, तर म्हणाली, “राहू द्या सर. मागं आहेत, दिसत नाहीत.”

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिनं आणखी दोन मोठी चित्रं केली.

पहिल्या चित्राचं मूळ भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत आहे. आईबापांचा फोन आला की आजी त्या तारखेवर कुंकवाचं बोट लावायची. तिला लिहिता येत नाही. पण कोणत्या महिन्यात किती वेळा फोन आला, हे ती त्या ठिपक्यांवरून सांगायची. मुलीनं हंगामाची पानं काढून पुठ्ठ्यावर ओळीनं डकवली आणि त्यांच्यावर कोळशानं घराचं बंद दार काढलं. दाराच्या फळ्यांतून तारखा दिसतात, आणि तारखांवर ते लाल ठिपके. जानेवारीच्या पानावर मोजून दोनच. मी विचारलं, “एवढे कमी का?” ती म्हणाली, “तेव्हा आई आजारी होती. आम्हाला कळवलं नव्हतं.” चित्राविषयी मी मग काही विचारलं नाही.

दुसरं चित्र आईचं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, हे आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. उसाच्या पात्याची धार हात कापून काढते, म्हणून. आईचा असा एक फाटका शर्ट घरात पडला होता. त्याची एक बाही मुलीनं पुठ्ठ्यावर लावली, भोवती पाचटाच्या उभ्या पट्ट्या दाटीनं डकवल्या, आणि वर चुन्यानं एक लहानसा चंद्र. तोड पुष्कळदा पहाटेच्या अंधारातच सुरू होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आईबाप परत आले. शाळेत आम्ही मुलांची चित्रं मांडली होती, तिथं आई आली. मला धास्ती होती की तिला राग येईल. दारिद्र्य भिंतीवर टांगलेलं कोणाला आवडतं? ती त्या चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. मग पुढं होऊन तिनं बाही दोन बोटांनी चाचपली आणि लेकीला म्हणाली, “आगं, ही उजवी बाही हाय. उजव्या हातात कोयता असतो. ऊस धरायचा डाव्या हातानं. पाचट डाव्या हाताला कापतं. डावी लाव.”

श्रोतेहो, कलेची परीक्षा ती हीच. मी त्या चित्राची रंगसंगती पाहिली होती, मांडणी पाहिली होती. बाही कोणती, हे मला दिसलं नव्हतं. मुलीनं त्याच रात्री उजवी बाही भिजवून सोडवली आणि डावी लावली. डावी खरोखरच मनगटापासून कोपरापर्यंत चिरफाळलेली होती. चित्र पहिल्यापेक्षा दसपट बोलू लागलं.

आता कोणी विचारील, चिंध्या आणि चिठ्ठ्या चिकटवण्यात कसली आली कला? त्यांना दोन उदाहरणं सांगतो. जर्मनीत हॅनोव्हर शहरी कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार होता. पहिलं महायुद्ध संपलं, देश मोडून पडला, तेव्हा १९१९ सालापासून तो वापरलेली तिकिटं, वेष्टनं, लाकडाच्या ढलप्या गोळा करून त्यांची चित्रं करू लागला. मोडलेल्या वस्तूंतूनच नवं उभं करायचं, हा त्याचा विचार. दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. चंडीगडला नेकचंद नावाचे सरकारी रस्तेखात्यातले एक निरीक्षक होते. नवं शहर वसवताना जुनी गावं पाडली गेली. त्यांतली फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा, दगडगोटे त्यांनी वर्षानुवर्षं गुपचूप वेचले आणि रानातल्या जागेत माणसांच्या, जनावरांच्या मूर्ती उभ्या केल्या. १९७६ साली ती बाग लोकांना खुली झाली आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण इतकं लांब तरी कशाला जायचं? पोळ्याला बैल सजतो तेव्हा त्याच्या अंगावर झूल असते, शिंगांना रंग आणि बेगड असते, गळ्यात घुंगरमाळ असते. गौरी-गणपतीचं मखर घ्या, लग्नातलं रुखवत घ्या. अनेक वस्तू एकत्र आणून एक देखणी गोष्ट करणं आपल्या हाताला नवीन नाही. शाळेतल्या कागदावर मात्र आपण मुलांना ते करू देत नाही.

शिक्षक मित्रांसाठी आता थोडं कामाचं सांगतो. खळीला एक वाटी कणीक किंवा मैदा पाच-सहा वाट्या पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. खळ रोज ताजी करावी. पुस्तकं बांधणारे तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद किंवा कापड चिकटवलं की वाळताना पुठ्ठा वाकतो. म्हणून मागच्या बाजूलाही रद्दी कागद चिकटवावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावा. पानं, पाचट, गवत हे वर्तमानपत्राच्या घडीत पुरतं वाळवूनच लावावं, नाहीतर बुरशी धरते.

रंगांचंही तसंच. गेरू, काव, चुना, कोळसा हे टिकाऊ. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या गंजाच्या जातीचा, उन्हानं तो उडत नाही. हळद मात्र उन्हात फिकी पडते, आणि तिला चुना लागला तर लाल होते. मुलांना हे करून दाखवा. चित्रकलेबरोबर थोडं विज्ञानही होईल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. वस्तू चिकटवली की चित्र झालं, असं नाही. या मुलीकडून मी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळं रीतसर करून घेतलं. शासनाच्या रेखाकला परीक्षांना ते लागतं, आणि हातालाही लागतं. दाराच्या फळ्या तिला काढता आल्या नसत्या, तर तारखा डकवून उपयोग नव्हता. आणि बाजारातून चकचकीत टिकल्या, थर्माकोलचे गोळे आणून मुलांपुढं ओतू नका. मुलाला वस्तू देऊ नका, वस्तू आणायला सांगा. आणली की एकच विचारा, “ही तुझ्याकडं कुठून आली?” निम्मं चित्र त्या उत्तरात असतं.

ती मुलगी आता दहावीत आहे. शाळा सुटली नाही, एवढं तूर्त पुष्कळ आहे. पुढं काय, ते मुकादमाच्या उचलीवर, पावसावर आणि तिच्या बापाच्या मनावर अवलंबून आहे. चित्रांनी घरचं कर्ज फिटत नाही, हे मला कळतं, आणि तसं काही भासवण्याची माझी इच्छा नाही.

पण गेल्या हंगामाहून परतताना तिच्या आईनं गाठोड्यातून एक पुरचुंडी काढून तिच्या हातावर ठेवली. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेला मिळणाऱ्या चिठ्ठ्या होत्या, सगळ्या हंगामाच्या. एरवी हिशेब झाला की त्या चुलीत जातात.

“ठिवल्या तुझ्यासाठी,” आई म्हणाली. “बघ कशाला लागतात का.”

चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. मुलगी म्हणते, परीक्षा झाली की बघू, घाई नाही. त्यांचं काय होईल, हे तिलाही अजून ठाऊक नाही. या वेळी मी विषय दिलेला नाही.