चिठ्ठी एकदाच निघते



बचत गटांच्या हिशेबाचं प्रशिक्षण आम्ही विठ्ठलवाडीला घेतलं. कुणी लोकलने आल्या, कुणी एसटीने. सगळ्या मिळून 36 जणी. ‘सहा-सहाजणींचे गट करा’ म्हटलं की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. एका गावच्या एकत्र, जावा-जावा एकत्र, वही लिहिणाऱ्या एका कोपऱ्यात. बाकीच्या नुसत्या माना डोलवतात. आणि नावं आम्ही ठरवली, तर ‘तुमच्या मर्जीतल्या पुढे’ हे ऐकावं लागतं.

म्हणून चिठ्ठी टाकायची ठरवली. चिठ्ठी आपल्याला नवी नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सगळ्यांसमोर निघते. निवडणुकीत कोणता कर्मचारी कोणत्या मतदान केंद्रावर जाणार, हेही संगणक असंच ठरवतो. पण तिथे प्रत्येक पथकात एक केंद्राध्यक्ष आणि बाकीचे मतदान अधिकारी लागतात. सरसकट चिठ्ठी टाकली तर एकाच केंद्रावर चार केंद्राध्यक्ष जायचे! आमचंही तेच. वही लिहिणाऱ्या होत्या 12, बाकीच्या 24. प्रत्येक गटात दोघी लिहिणाऱ्या आणि चौघी इतर, असं हवं होतं.

संगणकावर एक्सेलमध्ये ते असं केलं. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात ‘वही लिहिते का – हो की नाही’. चौथ्या रकान्यात ‘रँड’ हे सूत्र घातलं. ते प्रत्येकीपुढे मनाला येईल तो आकडा टाकतं. मग यादी आधी हो-नाहीप्रमाणे आणि त्यात आकड्याप्रमाणे लावली. शेवटी वरून खाली 1 ते 6, पुन्हा 1 ते 6, असे गटाचे नंबर दिले. पत्ते वाटतो तसे. संख्या बरोबर भागली जात नसेल, तर ‘नाही’वाल्या सुरू झाल्या तरी मोजणी आधीच्या नंबरापासून पुढे चालू ठेवायची. गटांमध्ये एकीपेक्षा जास्त फरक पडत नाही.

दर वेळी हे सगळं हाताने करायला नको म्हणून मॅक्रो केला. मॅक्रो म्हणजे आपण एकदा केलेली कामं संगणकाने ओळीने लक्षात ठेवायची. मग बटण दाबलं की झालं. पण अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलमधला मॅक्रो कधीही सुरू करू नका. त्यातून संगणकाला धोका होऊ शकतो.

आता आमच्या चुका सांगतो. पहिली अशी, की ‘रँड’चे आकडे फाइलमध्ये काही लिहिलं की बदलतात. पडद्यावर आकडे बदलले आणि बायका म्हणाल्या, ‘बघा, फिरवलं!’ यावर उपाय सोपा आहे. आकडे आले की कॉपी करून त्याच जागी नुसते आकडे म्हणून चिकटवायचे. सूत्र जातं, आकडे टिकतात. हे काम मॅक्रोतच घालायचं, यादी लावण्याच्या आधी.

दुसरी चूक मोठी. एका गटात सासू-सून आल्या. सून तोंड उघडेना. आम्हाला वाईट वाटलं आणि आम्ही बटण पुन्हा दाबलं. लगेच मागून आवाज आला, ‘मग आमच्यासाठी पण दाबा की!’ प्रत्येकीकडे काही ना काही कारण होतं. आपल्याला आवडेपर्यंत दाबायचं, तर ती चिठ्ठी कसली? ती आमचीच मर्जी झाली.

तेव्हापासून आम्ही नियम आधी फळ्यावर लिहितो. एका घरच्या दोघी एका गटात आल्या, तर त्यातली यादीत खाली असलेली पुढच्या गटातल्या तिच्याच प्रकारच्या पहिल्या बाईशी अदलाबदल करेल. नियम सगळ्यांना मान्य आहे का, ते विचारतो. मग बटण एकदाच, सगळ्यांसमोर, आणि तेही त्यांच्यातलीच एक दाबते. यादी लगेच भिंतीवर लावतो.

संगणक नसेल तरी अडत नाही. दोन डबे घ्या. एकात लिहिणाऱ्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात इतरांच्या. आधी पहिला डबा वाटून संपवा, मग दुसरा. न्याय यंत्रातून येत नाही. नियम आधी सांगण्यातून आणि चिठ्ठी एकदाच काढण्यातून येतो.

पुढच्या बैठकीत करून बघा. कायम गप्प बसणारी एखादी बोलायला लागली, की आम्हाला जरूर कळवा.