घरांतील झुंजार मासे

रंग पालटणारा एखादा प्राणी घरीं पाळावा, अशी हौस मला बालपणापासून होती. मुलुंडच्या टेकडीकडे फिरावयास गेलों म्हणजे झुडपांतला सरडा खिशांत घालून आणावा असा मोह होई. परंतु आपल्याकडील शॅमेलिऑन सरड्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें अभय आहे. त्यास पकडतां येत नाहीं कीं पाळतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. म्हणून मीं माझी हौस एका माशावर भागविली. बाजारांत त्यास ‘फायटर’ म्हणतात.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरांत व दलदलींत तो राहतो. २०१९ मध्यें त्या देशानें त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. दुसरा नर दिसतांच याचा रंग गडद होतो, पर पंख्यासारखे पसरतात. भ्यालेला मासा मात्र फिकट पडतो. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचें एक निराळें इंद्रिय असल्यामुळें तो पृष्ठभागावर येऊन श्वास घेतो. हाच गुण बिचाऱ्याच्या मुळावर आला आहे. दुकानांतून त्यास पेलाभर पाण्यांत कोंडून ठेवतात.

कुर्ल्याच्या बाजारांतून मीं एक जोडी आणली. नरमादीस पंधरा दिवस वेगळें ठेवून चांगलें खाऊं घालावें लागतें. मग वीतभर पाणी असलेल्या टाकींत बदामाचें एक वाळलेलें पान टाकावयाचें आणि मादीस कांचेच्या नळींतून नराला नुसती दाखवावयाची. नर तोंडानें बुडबुडे सोडून पानाखालीं फेसाचें घरटें बांधतो. मादीस मोकळी सोडल्यावर तो तिला अंगाचा विळखा घालतो. पांढरीं अंडीं खालीं गळूं लागतात, आणि हा बाप एकेक अंडें तोंडांत झेलून घरट्यांत नेऊन चिकटवितो. तें दृश्य पहात मी एक रविवार जेवावयाचेंहि विसरलों! त्यानंतर मादीस ताबडतोब काढावें, नाहीं तर नर तिला फाडतो. दीड-दोन दिवसांत पिल्लें फुटतात. खालीं पडलेलें पिल्लूं बाप पुन्हां वर नेऊन ठेवतो. तीं पोहूं लागलीं कीं बापासहि हलवावें.

माझी पहिली वीण जानेवारींत गेली. हवेचें इंद्रिय तयार होण्याच्या त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पाण्यावरची हवा उबदार असावी लागते. मीं एका रात्रीं झांकण उघडें ठेवलें. सकाळीं गाळणीनें जें काढावें लागलें, त्याचें वर्णन करीत नाहीं.

दुसरी वीण जगली आणि खरी अडचण सुरू झाली. तीन महिन्यांचे नर एकमेकांचे पर कुरतडूं लागतात. प्रत्येकास स्वतंत्र बरणी हवी. आमच्या घरांत बेचाळीस बरण्या झाल्या. नळाचें पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठीं दिवसभर बादल्यांत ठेवावयाचें, आणि आमच्या इमारतींत पाणी येतें सकाळीं दीड तास! मंडळींनीं लोणच्याच्या बरण्या माझ्या दृष्टीआड ठेवल्या, यांत नवल नाहीं.

परंतु ज्याची मला आजहि लाज वाटते तें निराळेंच. माशांस डासांच्या अळ्या फार मानवतात, म्हणून मीं गॅलरींत पाण्याची एक बादली मुद्दाम उघडी ठेवीत असें. पावसाळ्यांत शेजारचा मुलगा हिंवतापानें अंथरुणास खिळला. त्याची आई दारांत येऊन म्हणाली, “भावोजी, तुमचे मासे पोसायला आमच्या पोरांचें रक्त हवें का हो?” कोणता डास कोणत्या बादलींतला, हें कोण सांगणार? परंतु मला उत्तर सुचलें नाहीं. मीं बादली त्याच दिवशीं पालथी घातली. आतां आर्टेमियाचीं अंडीं मिठाच्या पाण्यांत उबवून खाद्य करतों. खर्च होतो, पण शेजारधर्म सांभाळला जातो.

उरलेले नर पवईच्या तलावांत सोडावे असें एका स्नेह्यानें सुचविलें. परका जीव आपल्या पाण्यांत सोडणें मला मान्य नव्हतें. सहा महिने लागले, पण एकेक मासा घर पाहून दिला. ज्यांच्याकडे पांच लिटरची टाकीहि नव्हती, त्यांना सरळ नाहीं म्हटलें. तो शेजारचा मुलगा बरा होऊन एक निळा नर मागावयास आला. त्याच्या आईनें परवानगी दिली, परंतु टाकीवर जाळीचें झांकण बसवून घेतल्यावरच.