आठवणीचें नाणें



नाण्यांचा नाद हा श्रीमंतांचा, अशी एक समजूत आहे. मी गेवराईसारख्या तालुक्याच्या गांवीं पोरांना शिकवून निवृत्त झालेला शाळामास्तर. माझ्या साऱ्या संग्रहाला एक पितळी डबा पुरतो. तथापि त्यांतील एका नाण्यानें मला जो धडा दिला, तो आपणांस सांगावा, एवढ्याचसाठीं आज बोलत आहें.

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. बाजारांत हाली शिक्का चाले. इंग्रजी रुपयास कलदार म्हणत, व सहा कलदारांस सात हाली असा भाव असे. हाली रुपयावर चारमिनार, आणि त्याच्या दारांत उस्मान अलींच्या नांवाचें आद्याक्षर. आमच्या आजीपाशीं असे रुपये गाडगेंभर होते. ते सोनाराकडे गेले व पैंजण होऊन परत आले. चांदी घरांत राहिली, चारमिनार मात्र गेला!

स्मारक नाणें याहून निराळें. तें मुळीं कुणाच्या तरी स्मरणार्थच पाडलेलें असतें. स्वतंत्र भारताचीं पहिलीं स्मारक नाणीं १९६४ मध्यें पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालीं. तीं निकेलचीं होतीं. चांदीचें नाणें आलें तें १९६९ मध्यें, गांधीजन्मशताब्दीचें, दहा रुपयांचें. वजन १५ ग्रॅम व त्यांत ८० टक्के चांदी. माझ्या वडिलांनीं तें मोठ्या हौसेनें मिळविलें होतें.

दोनतीन वर्षांत तें काळवंडलें. आजी सणाला समया घांसते तसें मींहि तें चिंच व राख घेऊन लख्ख घांसलें, आणि शाबासकीच्या आशेनें वडिलांपुढें धरलें. त्यांनीं तें उजेडाकडे वळवून पाहिलें व एवढेंच म्हणाले, "अरे, बापूंच्या गालाची कातडीच काढलीस कीं रे!" त्यांनीं मारलें असतें तर बरें वाटलें असतें.

चांदीवरील काळिमा हा मळ नव्हे. हवेंतील गंधकाच्या वायूंशीं चांदीचा संयोग होऊन तो पातळ थर चढतो. घांसतांना त्याच्याबरोबर खालची चांदीहि निघते, आणि टांकसाळीनें उठविलेली रेघ पुन्हां येत नाहीं. म्हणून नाणें कडेनेंच धरावें, कोरड्या जागीं ठेवावें. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत तें कधींहि ठेवूं नये. कालांतरानें त्यांतून हिरवट चिकटा सुटतो.

विकत घेतांनाहि डोळे उघडे असावेत. नाण्यावरील आंकडा पाहून चांदी मोजूं नये. २०१५ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त निघालेलें १२५ रुपयांचें नाणें ३५ ग्रॅम भरतें. पण त्यांत चांदी निम्मीच, बाकी तांबें, निकेल व जस्त. टांकसाळ अशा नाण्यांचे संच दर्शनी किंमतीहून अधिक दरानें विकते, हेंहि आधीं जाणून घ्यावें. आणि सराफाकडे लक्ष्मीची मूर्ति उठविलेली जी चकती मिळते, तिला आपण नाणें म्हणत असलों तरी तें पदक होय. सरकारी नाण्यावर अशोकस्तंभाचें शीर्ष व मूल्य असतेंच.

गेल्या दिवाळींत तें गांधींचें नाणें मीं सहज एका जाणत्या संग्राहकास दाखविलें. घांसलेलें म्हणून त्यानें केवळ चांदीचा भाव सांगितला. मीं तें विकलें नाहीं. परवां नातवानें डबा उघडून विचारलें, "आजोबा, हें काळें झालंय, चकचकीत करूं का?" तेव्हां त्याला शेजारीं बसवून त्याच्या पणजोबांचें तें एक वाक्य सांगितलें. त्यानें नाणें कडेनें उचललें, पाहिलें, आणि हळूच डब्यांत ठेवलें. माझा मुद्दा त्याला कळला. आपणांसहि कळला असेल, अशी आशा करतों.