रिकाम्या मैदानावरचा हंगाम



निरवांगीसारख्या गावात 'हंगाम' म्हटले की डोळ्यांपुढे उसाचा फड येतो. तोडणीच्या टोळ्या, बैलगाड्या, कारखान्याचा काटा. आज मी सांगणार आहे तो हंगाम मात्र फुटबॉलचा, २०२०-२१ सालच्या इंडियन सुपर लीगचा.

आमच्या भागात खेळ म्हणजे कुस्ती. जत्रेत जोड लागते, एकाची पाठ मातीला लागते, निकाल जागच्या जागी. लीगचे तसे नाही. त्या वर्षी संघ ११. प्रत्येकाने बाकीच्या दहांशी दोनदा खेळायचे, म्हणजे २० सामने. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीत १, हरल्यास काही नाही. एका दिवसाची मर्दुमकी इथे पुरत नाही. उसाच्या खेपेसारखी प्रत्येक सामन्याची नोंद होते, आणि हिशेब अखेरीस.

ते कोरोनाचे वर्ष. म्हणून सारे सामने गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, आणि तेही प्रेक्षकांविना. आमचे कॉलेजही बंद होते. मी गावी राहून मोबाइलवर तास घेई आणि संध्याकाळी सामना पाही. वडील शेजारी येऊन बसत. एकदा म्हणाले, "अरे, बघायला माणूस न्हाई, मग ही पोरं खेळत्यात कुणासाठी?" मी एम. ए. झालेला माणूस, पण उत्तर काही सुचेना.

आपल्या मुंबई सिटी संघाने पहिलाच सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून गमावला. पुढचा पराभव झाला तो थेट जानेवारीअखेर, आणि गंमत अशी की, त्याच संघाकडून! २८ फेब्रुवारी २०२१ रोजी साखळीतला शेवटचा सामना एटीके मोहन बागानशी होता. मुंबईने तो २-० असा जिंकला. दोघांचेही गुण झाले ४०. पण आपसांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते. साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची ढाल तिच्याकडे आली.

१३ मार्चला अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ. पूर्वार्ध संपता संपता मुंबईचाच मुलगा अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला. त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. उत्तरार्धात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई २-१ अशी जिंकली. एकाच हंगामात ढाल आणि चषक दोन्ही मिळवणारा हा पहिला संघ.

मी आनंदात होतो. वडील गप्पच. सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले ते चषकाबद्दल नव्हे. "त्या पोराचं काय झालं रं?" अमेय पुढे बरा होऊन पुन्हा मैदानात उतरला, हे मला नंतर त्यांना सांगता आले.

त्याआधीच्या आषाढीला तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या होत्या. आमच्या तालुक्यातली पालखीची वाट रिकामी होती. पण वारी चुकली नव्हती. घराघरांतून हात जोडले गेलेच होते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर, मला वाटते, त्यांच्याच दुसऱ्या प्रश्नात होते. मैदान रिकामे होते खरे. पण निरवांगीतल्या एका म्हाताऱ्याला त्या पोराच्या काळजीने रात्रभर झोप लागली नव्हती.